बाकावर बसू न देणारी कला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीत वारसा रेल्वेमार्गांवर भरणाऱ्या समकालीन कला प्रदर्शनांचे तोंडभरून कौतुक करणारा लेख वाचला. लेखकमहाशयांचा उत्साह वाखाणण्याजोगा आहे. मात्र ‘कलेमुळे हे मृतप्राय मार्ग पुन्हा जिवंत होत आहेत’ हे त्यांचे विधान वाचून माझ्यासारख्या, सारी नोकरी रेल्वेत काढलेल्या माणसाला आधी हसू आले आणि मग रागही आला. दार्जिलिंग, निलगिरी आणि कालका-सिमला या मार्गांना अनुक्रमे १९९९, २००५ आणि २००८ साली युनेस्कोची मान्यता मिळाली, ती कोणी तिथल्या फलाटावर रंगीत कापडे टांगली म्हणून नव्हे. डोंगर चढवण्याची ती अभियांत्रिकी तेव्हाही थक्क करणारी होती आणि गाड्या अजूनही त्याच रुळांवरून धावत होत्या, म्हणून ती मिळाली.

असेच एक प्रदर्शन मी गेल्या हिवाळ्यात एका जुन्या नॅरोगेज मार्गावरील छोट्या स्थानकात पाहिले. मार्गाचे आणि आयोजकांचे नाव मुद्दामच लिहीत नाही. सोबत माझ्याच हाताखाली काम केलेले एक निवृत्त पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारे कर्मचारी, होते. दोन्ही गुडघे कामातून गेलेले, तरी ‘साहेब, गाडी बघायला मिळेल’ म्हणून हौसेने आलेले. गाडी त्या दिवशी नव्हतीच. फलाटावर सावलीत एकच बाक होता, सागवानी फळ्यांचा आणि बिडाच्या पायांचा, आणि त्याच्याभोवती दोरी बांधून त्यावर पांढऱ्या सुताची गुंडाळी करून ठेवली होती. आमचे पॉइंट्समन सवयीने दोरी बाजूला सारून टेकू लागले, तेवढ्यात गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक मुलगी धावत आली आणि म्हणाली, ‘काका, प्लीज, ते आर्टवर्क आहे.’ शेजारच्या पाटीवर लिहिले होते की ही कलाकृती ‘प्रतीक्षेचा अनुभव’ मांडते. यावर पॉइंट्समन शांतपणे म्हणाले, ‘मग मी बसलो तर ती पुरी होईल की, बाई.’ मुलगी भली होती, ओशाळली. पण तिला तशा सूचना होत्या. परतीची जीप येईपर्यंत ते गृहस्थ खांबाला टेकून उभे राहिले, म्हणजे प्रतीक्षेचा अनुभव आम्ही दोघांनीही भरपूर घेतला.

आतल्या खोलीत तर कमाल होती. जुन्या पद्धतीत एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून यंत्रातून निघालेला लोखंडी गोळा चालकाच्या हाती दिल्याशिवाय गाडी पुढे काढता येत नाही, हे रेल्वेतल्या कोणत्याही पोराला विचारले तरी तो सांगेल. तो गोळा ज्या पिशवीत घालून देतात तिची वेताची कडी तिथे छताला उलटी टांगली होती आणि तिचे नाव होते ‘कालचक्र’. त्या कडीच्या भरवशावर किती प्रवासी सुखरूप घरी पोहोचले, याविषयी पाटीवर एक अक्षर नव्हते. ती यंत्रे हाताळलेली माणसे अजून हयात आहेत आणि विचारले असते तर त्यांनी फुकट सांगितले असते. चित्रकारांशी माझे वैर नाही, आपल्या नाशकाने महाराष्ट्राला चांगले जलरंग चित्रकार दिले आहेत. परंतु ज्या जागेत काम मांडायचे ती जागा आधी पाहावी, एवढी अपेक्षा गैर नसावी.

लेखात जपानमधील इचिहारा शहराचा दाखला दिला आहे, तोही अर्धवट. १९२५ साली सुरू झालेल्या कोमिनातो मार्गालगत तिथे २०१४ पासून कला महोत्सव भरतो, हे खरे. परंतु तिथे गाड्या नियमित धावतात आणि प्रेक्षक त्याच गाडीतून एका स्थानकावरून दुसऱ्या स्थानकावर जाऊ शकतात. त्याच मार्गावरील इताबू स्थानकाजवळ सोउ फुजिमोतो या नामवंत वास्तुरचनाकाराने २०१२ साली केलेले काम म्हणजे चक्क बायकांसाठीचे सार्वजनिक शौचालय आहे: बाग, तिच्याभोवती लाकडी ओंडक्यांचे कुंपण आणि मधोमध काचेची खोली. ते पाहताही येते आणि वापरताही येते. आमच्याकडच्या त्या स्थानकात शौचालयाला कुलूप होते. ते आर्टवर्क होते की नुसतेच कुलूप होते, हे विचारायचे राहून गेले.

आणि रेल्वेच्या जुन्या वारशावर प्रदर्शन भरवायचेच असेल, तर दूर डोंगरात कशाला जायचे? १८८९ पासून नाशिक रोडहून मेन रोडवरील जुन्या नगरपालिकेपर्यंत घोड्यांची ट्राम धावत असे. आजच्या कॉलेजमधल्या मुलांना हे सांगितले तर ती मलाच वेड्यात काढतात. त्या वाटेवर कोणी काही मांडणार असेल, तर मी स्वतः येऊन उभा राहीन. बाक नसला तरी चालेल.

जाता जाता आणखी एक. लेखासोबतच्या छायाचित्राखाली आपण ‘माथेरानची राणी’ असे छापले आहे. त्या चित्रात इंजिनाच्या पुढच्या पट्टीवर दोन माणसे, चाके घसरू नयेत म्हणून रुळांवर वाळू टाकायला, बसलेली आहेत आणि बॉयलरवर खोगिरासारखी पाण्याची टाकी आहे. ते दार्जिलिंगचे बी वर्गाचे इंजिन आहे, चार चाकांचे. माथेरानच्या १९०७ च्या मार्गावरील मूळ वाफेची इंजिने जर्मनीतील ऑरेन्स्टाइन अँड कोपेल कंपनीची, सहा चाकांची होती. वारशाविषयी दोन पाने खर्च करताना चाके मोजायला फार वेळ लागत नाही. कृपया पुढच्या रविवारी दुरुस्ती छापावी, आणि तीही पाचव्या पानाच्या तळाशी नव्हे.

आपला,
एक निवृत्त स्टेशनमास्तर,
जेल रोड, नाशिक रोड