शिबिरात रक्तदाब मोजा, पण नीट मोजा

मा. संपादक यांस,

महोदय,

गणेशोत्सव जवळ आला की कोल्हापुरातील पेठापेठांतील तालमी आणि मंडळे देखाव्यांबरोबरच आरोग्य शिबिरांचीही आखणी करू लागतात. रक्तदान, डोळे तपासणी आणि त्याच्या जोडीला रक्तदाब व साखरेची मोफत तपासणी असा या शिबिरांचा साधारण बेत असतो. उच्च रक्तदाब बहुधा कोणतेही लक्षण न दाखवता वर्षानुवर्षे मेंदू, हृदय आणि मूत्रपिंडे यांच्या रक्तवाहिन्या खराब करत राहतो. तो मोजल्याशिवाय कळत नाही, म्हणून अशी शिबिरे व्हायलाच हवीत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आयसीएमआर-इंडियाब’ या देशव्यापी पाहणीत प्रौढांपैकी सुमारे ३५.५ टक्के लोकांचा रक्तदाब वाढलेला आढळला होता. मात्र रुग्णालयात परिचारिका म्हणून नोकरी केलेली असल्यामुळे, शिबिरात हे काम ज्या घाईने उरकले जाते ते पाहून चार शब्द लिहावेसे वाटले.

रांगेतील माणूस मंडळाच्या कार्यालयाचा जिना चढून, बहुधा नुकताच चहा घेऊन आलेला असतो. खुर्ची मिळताच त्याच्या सदऱ्याच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळला जातो, हात खाली लोंबत राहतो, आणि पट्टा फुगत असतानाच “काका, गोळी चालू आहे का?” अशी विचारपूस सुरू होते व काकाही सविस्तर उत्तर देतात. यातील प्रत्येक गोष्टीने आकडा बिघडतो. दंड हृदयाच्या पातळीपेक्षा दहा सेंटिमीटर खाली असला तर केवळ रक्ताच्या स्तंभाच्या वजनामुळे दाब सात-आठ अंकांनी जास्त दिसतो. बोलण्याने, तुंबलेल्या लघवीने, नुकत्याच ओढलेल्या विडीने किंवा तोंडातल्या तंबाखूने तो आणखी चढतो, आणि बायकांच्या मिसरीचाही हिशोब यातच धरला पाहिजे. पट्ट्याच्या मापाकडे तर कोणी पाहतच नाही. लाल मातीत कसलेल्या दंडाला नेहमीच्या मापाचा पट्टा तोकडा पडतो आणि धडधाकट पैलवानाचाही रक्तदाब खोटाच वाढलेला दिसतो, म्हणून तालमीतल्या शिबिरात तरी मोठा पट्टा असायलाच हवा. मार्केट यार्डात गुळाचा रवा तोलण्याआधी काटा शून्यावर आहे ना, हे बघणारी आपण माणसे. दंडाला पट्टा बांधून घेताना मात्र काहीच विचारत नाही.

खरे तर रीत सोपी आहे. अर्धा तास आधीपासून चहा व तंबाखू टाळावी, लघवीला जाऊन यावे, पाठ टेकवून आणि दोन्ही पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटे गप्प बसावे, उघड्या दंडावर पट्टा बांधून हात टेबलावर ठेवावा आणि एखाद्या मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी लिहावी. यासाठी शांत खोली लागते. डॉल्बीच्या भिंतीशेजारी मांडव घालून घेतलेल्या आकड्याला फारसा अर्थ नसतो.

एवढे करूनही एका दिवसाच्या आकड्यावरून कोणाला रुग्ण ठरवू नये. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० अथवा त्याहून जास्त, असे निदान दोन वेगवेगळ्या दिवशी आढळले तर उच्च रक्तदाब मानतात. घरी मोजताना हीच मर्यादा १३५ आणि ८५ अशी धरतात. आकडा १८० किंवा १२० च्या पुढे असून छातीत दुखणे, धाप, बोबडी वळणे किंवा एका बाजूची शक्ती जाणे यांपैकी काही असेल, तर मात्र शिबिरातूनच थेट रुग्णालय गाठावे.

शिबिरातल्या आकड्यामुळे एका बाजूने भीती पसरते, तर दुसऱ्या बाजूने खोटा दिलासा मिळतो, आणि मला हा दिलासा जास्त घातक वाटतो. ज्यांची गोळी चालू आहे त्यांचा आकडा १२५/८० आला की ‘आता बीपी गेले’ असे समजून गोळी बंद होते. वास्तविक तो आकडा त्या गोळीनेच खाली ठेवलेला असतो, आणि ती थांबली की काही दिवसांत किंवा आठवड्यांत दाब पुन्हा चढतो. या गोळ्यांचे व्यसन लागत नाही. पाय सुजले, कोरडा खोकला लागला, तर गोळी बदलून मिळते, त्यासाठी ती परस्पर सोडण्याची गरज नाही. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्याही रक्तदाब वाढवतात, हे तर शिबिरात कोणी विचारतही नाही.

सल्ला मात्र ‘तिखट कमी खा’ असा ठरलेला. तांबड्या रश्श्यातील मिरचीवर विनाकारण ठपका येतो. रक्तदाबाच्या दृष्टीने प्रश्न मिठाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे जेमतेम एक सपाट चमचा मीठ, अशी आहे आणि त्यात लोणचे, पापड, खर्डा, मिसळीवरची फरसाण आणि भडंग हे सगळे आले. सैंधव खाल्ल्याने यात फरक पडत नाही, कारण तेही सोडियमचेच मीठ आहे. पोटॅशियमयुक्त ‘लो सोडियम’ मीठ उपयोगी पडते, पण मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

मंडळांना माझी विनंती एवढीच की, प्रत्येकाला तारीख, दोन्ही वेळचे आकडे आणि चालू गोळ्यांची नावे लिहिलेली चिठ्ठी द्यावी आणि ज्यांचा दाब जास्त आढळला त्यांची यादी ठेवावी. विसर्जन उरकल्यावर, मांडव उतरलेला असताना, एका सकाळी त्याच लोकांना पुन्हा बोलावून दुसऱ्यांदा मोजावे आणि तेव्हाही दाब जास्त भरला तर जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात पाठवावे. दुसरी फेरी घेणे जमणार नसेल, तर शिबिराच्या फलकावरून रक्तदाब तपासणी वगळलेली बरी.

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
मंगळवार पेठ, कोल्हापूर