भाडे घेणाऱ्याने जबाबदारीही घ्यावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

भाड्याने दिलेल्या सदनिकांमधून शेजाऱ्यांना होणारा त्रास हा विषय मुंबईतल्या गृहनिर्माण संस्थांच्या सभांमध्ये अलीकडे हमखास निघतो. चर्चा तापते, ‘यापुढे बॅचलर नकोत’ असा ठराव कोणीतरी मांडतो आणि मूळ प्रश्न तिथेच राहतो. मुलुंड पूर्वेला एकतीस वर्षे एकाच इमारतीत राहणारी रहिवासी म्हणून आणि गेले आठ महिने हा त्रास स्वतः सोसत असलेली शेजारीण म्हणून मला असे वाटते की आपण चुकीच्या माणसाकडे बोट दाखवत आहोत.

आमच्या वरच्या मजल्यावरची सदनिका गेल्या जानेवारीत भाड्याने गेली. करारावर दोघांची नावे आहेत, राहतात मात्र सहा जण, आणि शनिवारी-रविवारी ही संख्या किती होते ते वॉचमनलाही सांगता येत नाही. रात्री साडेबारानंतर स्पीकर सुरू होतो तेव्हा आमच्या स्वयंपाकघरातल्या मांडणीवर एकात एक ठेवलेल्या स्टीलच्या वाट्या बारीक किणकिणू लागतात. गाण्याचे शब्द ऐकू येत नाहीत, नुसता ठोका भिंतीतून उतरत राहतो. सकाळी खिडकीच्या ग्रिलमधल्या तुळशीच्या कुंडीतून सिगारेटची थोटके वेचून काढणे हे माझे रोजचे काम झाले आहे. शेजारच्या मुलीची बारावीची परीक्षा फेब्रुवारीत होती. शेवटी तिला महिनाभर डोंबिवलीला मावशीकडे पाठवावे लागले. आपल्या हक्काच्या घरात अभ्यास करता येत नाही म्हणून परीक्षेच्या तोंडावर मुलीला घर सोडावे लागते, याचे मला आजही वाईट वाटते.

पोलिसांना आम्ही चार वेळा फोन केला. ते प्रत्येक वेळी आले, समज देऊन गेले, आणि त्यांची गाडी फाटकाबाहेर पडल्यावर अर्ध्या तासात आवाज पुन्हा सुरू झाला. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. पण मध्यरात्री घरात आवाज मोजायला येणार कोण, आणि दर शनिवारी बीट हवालदाराला चौथ्या मजल्यावर चढायला लावणे हा काही उपाय नव्हे.

एका रात्री मी स्वतःच वर गेले. दार उघडणारा मुलगा फार तर चोवीस वर्षांचा असेल. ‘सॉरी काकू’ म्हणून त्याने लगेच आवाज कमी केला. घर घेताना सोसायटीचे नियम कोणी दाखवले होते का, असे मी त्याला विचारले. एजंटाने डिपॉझिट आणि ब्रोकरेज घेऊन किल्ली हातात दिली, मालकांना आपण अजून पाहिलेलेही नाही, असे त्याने सांगितले. त्या मुलांची चूक आहेच, ती मी झाकत नाही. परंतु खाली कोण राहते, भिंती किती पातळ आहेत, इथे काय चालते आणि काय चालत नाही, हे सांगण्याचे काम ज्याचे होते त्याने ते केलेच नव्हते.

त्या मालकांना आमच्या सेक्रेटरींनी फोन केला तेव्हा ‘भाडे वेळेवर येते, माझी काही तक्रार नाही’ एवढेच उत्तर मिळाले. माझ्या मते खरा प्रश्न या एका वाक्यात आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम १६ मध्ये शेजाऱ्यांना उपद्रव देणे हे भाडेकरूकडून जागा परत मिळवण्याचे कारण म्हणून मान्य केलेले आहे. पण त्यासाठी न्यायालयात जायचे ते मालकाने. त्रास होतो शेजाऱ्याला आणि दाद मागण्याची चावी राहते मालकाच्या खिशात. त्यातही आजकाल बहुतेक घरे अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर जातात. या करारांसाठी कलम २४ आहे, त्यानुसार मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून जागा परत मिळते आणि जागा न सोडणाऱ्याला दुप्पट शुल्क भरावे लागते. मुदत संपेपर्यंत काय करायचे, हे मात्र करारात जे लिहिले असेल त्यावर अवलंबून. आणि करारात पाहावे तर रंग, पंखे, गिझर यांची यादी असते, शेजाऱ्यांबद्दल अवाक्षर नसते.

संस्थेचे हातही बांधलेले आहेत. घर भाड्याने देण्यासाठी आता संस्थेची परवानगी लागत नाही, फक्त कळवावे लागते. मालकाकडून घ्यायचे बिनभोगवटा शुल्क, ज्याला आपण सगळे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस म्हणतो, ते ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत मर्यादित केले आहे. संस्थांनी मालकांची अडवणूक करू नये म्हणून हे झाले आणि ते योग्यच आहे. मात्र तेवढी रक्कम भरली की आपले इमारतीशी देणेघेणे संपले, अशी अनेक मालकांची समजूत झाली आहे. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती देण्याने त्याची ओळख पटते, वागणुकीची हमी मिळत नाही.

बॅचलरबंदीला माझा स्पष्ट विरोध आहे. आमच्याच मजल्यावर तीन तरुण परिचारिका भाड्याने राहतात. माझे यजमान रात्री चक्कर येऊन पडले तेव्हा त्यांच्यातलीच एक धावत आली आणि रुग्णवाहिका येईपर्यंत त्यांच्या उशाशी बसून राहिली. नोकरीसाठी या शहरात आलेल्या मुलामुलींना दारातूनच परत पाठवण्याचा अधिकार कोणत्याही सोसायटीला नसावा. मी आणि यजमानही लग्नानंतर चार वर्षे भाड्यानेच राहिलो. आमचे मालक मात्र तळमजल्यावर राहत आणि रात्री नळ चालू राहिला तरी वर येऊन विचारत.

करार नोंदवण्याची जबाबदारी कायद्याने मालकावरच टाकली आहे. भाडे नियंत्रण अधिनियमाच्याच कलम ५५ नुसार ती न पाळल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तीच दिशा पुढे न्यावी. शेजाऱ्यांच्या लेखी तक्रारीवरून संस्थेने दोनदा नोटीस दिल्यास महिनाभराच्या मुदतीने करार रद्द करणे मालकावर बंधनकारक राहील, असे कलम प्रत्येक लिव्ह अँड लायसन्स करारात असावे, आणि सहकार विभागाने आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे गृहनिर्माण संस्थांसाठीच्या नमुना नियमावलीत, त्याचा मसुदाच द्यावा. तक्रार सूडबुद्धीची नाही हे पाहण्यासाठी भाडेकरूचे म्हणणे ऐकून घेणेही त्यात सक्तीचे असावे, कारण एकट्या राहणाऱ्या मुलीकडे मित्र आला म्हणून तक्रार करणारे शेजारीही मी पाहिले आहेत.

आमच्या वरच्या घराचा करार येत्या डिसेंबरात संपतो. नव्या करारात असे कलम घालावे, करारावर असतील तितकीच माणसे घरात राहावीत आणि किल्ली देताना मालकांनी स्वतः हजर राहावे, अशी विनंती करणारे पत्र संस्थेने त्यांना रजिस्टर्ड पोस्टाने पाठवले आहे. पोचपावती आली आहे, उत्तर अजून आलेले नाही.

आपली,
एक नियमित वाचक,
मुलुंड (पूर्व), मुंबई