चि. मुग्धास: कुंड्या आणि खिडकी

सातारा

चि. मुग्धास, अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, रात्री सारखी जाग येते, सकाळी डोकं जड असतं, म्हणून हवा शुद्ध करणारी पाच-सहा झाडं आणून पलंगाशेजारी ठेवणार आहेस. झाडं जरूर आण. पण झोपेची जबाबदारी त्यांच्यावर टाकू नकोस. घाईघाईत फोनवर सांगण्यापेक्षा सविस्तर लिहितो.

अशा झाडांच्या ज्या याद्या सगळीकडे फिरतात, त्यांचं मूळ नासाच्या 1989 सालच्या प्रयोगात आहे. बिल वुल्व्हर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवाबंद पेटीत कुंडी ठेवून आत बेंझीन, फॉर्मल्डिहाइड अशी रसायनं सोडली आणि काही तासांनी मोजून पाहिलं. प्रमाण खरंच घटलं होतं, आणि त्यात मुळांभोवतीच्या सूक्ष्मजीवांचा मोठा वाटा होता. प्रयोग चोख, पण माणसं राहतात ते घर म्हणजे हवाबंद पेटी नव्हे. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या दोघा संशोधकांनी 2019 मध्ये असे अनेक प्रयोग एकत्र तपासले. दारं-खिडक्यांतून आपोआप जेवढी हवा बदलते, तेवढं काम झाडांकडून व्हायला दर चौरस मीटरला 10 ते 1000 कुंड्या लागतील, असा त्यांचा हिशोब निघाला. तुझी खोली दहा बाय दहा फुटांची, म्हणजे सुमारे सव्वानऊ चौरस मीटर. म्हणजे कमीत कमी नव्वदच्या वर कुंड्या!

स्नेक प्लांट रात्री ऑक्सिजन सोडतो, असं नर्सरीवाला सांगेल. ऑक्सिजन तयार व्हायला उजेड लागतो, मग झाड कुठलंही असो. स्नेक प्लांट, कोरफड, आपली पानफुटी ही मंडळी पाणी वाचवण्यासाठी पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची बारीक छिद्रं, रात्री उघडतात, कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि आम्लाच्या रूपात साठवतात. दिवसा उन्हात त्याचं अन्न करतात. बेंजामिन हेन या वनस्पतिशास्त्रज्ञाला हे आपल्याच देशात जिभेवर कळलं होतं. पानफुटीचं पान सकाळी आंबट लागतं आणि दुपारी बेचव, असं त्याने 1813 साली पत्रात लिहून ठेवलंय. मला ही गोष्ट फार आवडते. पाकिटात पानफुटीचं एक पान घातलंय, ओलसर मातीवर नुसतं ठेव, कडांना रोपं फुटतील.

आत्या म्हणते, रात्री झाडं खोलीतला ऑक्सिजन खातात. तेही मनावर घेऊ नकोस. झोपेत तू एकटी जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतेस, त्यापुढे कुंडीतल्या झाडाचा श्वास अगदीच नगण्य.

खरी गोम मला त्या बंद खोलीत दिसते. तुझा एसी आतलीच हवा गार करून फिरवतो, बाहेरची आत आणत नाही. डेन्मार्कमध्ये विद्यार्थ्यांच्या खोल्यांत हवा खेळती ठेवून पाहिली, तेव्हा झोप सुधारली आणि दुसऱ्या दिवशी लक्षही जास्त चांगलं लागलं. शिवाय तुझं कपाट नवीन आहे. प्लायवूडच्या डिंकातून फॉर्मल्डिहाइड निघत राहतं, उकाड्यात आणि दमट हवेत जास्तच. सध्या कपाटाची दारं दिवसा उघडी ठेव, खिडकी उघडून पंखा लाव. रात्री निदान चार बोटं फट असू दे. डासांसाठी बंद खोलीत कॉइल मात्र लावू नकोस, त्या धुरापेक्षा जाळी बरी.

कुंड्यांखालच्या ताटल्यांत पाणी साचू देऊ नकोस. डेंग्यूचा डास अशा स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो, म्हणून आठवड्यातून एकदा ताटल्या ओतून घासून काढ. मनी प्लांट आणि पीस लिली उंचावर ठेव, शेजारची छोटी तुझ्याकडे खेळायला येते ना? ती पानं चावली तर तोंडाची आग होते.

एवढं करूनही दोन-तीन आठवड्यांत झोप सुधारली नाही, तर डॉक्टरांकडे जा. अंगावर काढू नकोस. खिडकीला जाळी आहे का ते कळव, नसेल तर रविवारी टेप घेऊन येतो आणि माप घेतो. आई सोबत येईल म्हणते.

तुझे
बाबा