मशीन विकणारे नामानिराळे कसे?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कृत्रिम बुद्धिमत्तेवर आलेला लेख वाचला. यंत्र मुळात चांगलेही नसते आणि वाईटही नसते, ज्याच्या हाती पडेल त्याच्यावर सगळे अवलंबून, असा त्याचा सूर होता. हेच मी अठरा वर्षे लोकांना ऐकवत आलो. 1993 ते 2011 या काळात मी मराठवाड्यात सोनोग्राफी मशीनचा सर्व्हिस इंजिनिअर होतो. आज मला ते पटत नाही. का पटत नाही, ते सांगायला हे पत्र.

इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झाला आणि एका डीलरकडे नोकरी लागली. बीड, जालना, परभणी हा माझा भाग. खोके जीपमध्ये घालून न्यायचे, स्टॅबिलायझर आणि यूपीएस जोडायचे, लाइट येण्याची वाट पाहायची. मशीन सुरू झाले की शर्ट वर करून, जेल लावून प्रोब, म्हणजे अंगावर टेकवून चित्र घेणारा भाग, स्वतःच्याच उजव्या कुशीवर ठेवायचा. यकृत आणि मूत्रपिंड शेजारी शेजारी स्वच्छ दिसले की काम जमले. ते चित्र पडद्यावर उमटताना मला दर वेळी तितकाच आनंद व्हायचा. या यंत्राबद्दल माझ्या मनात आजही राग नाही. माझ्या थोरल्या मुलीच्या वेळी बायकोची वार खाली आहे हे सोनोग्राफीतच कळले, म्हणून वेळेवर सिझर झाले आणि दोघी वाचल्या.

पण ते विकले कसे जात होते, तेही मी पाहिले आहे. विक्रीचा माणूस डॉक्टरांसमोर कागद ठेवायचा: बँकेचा हप्ता इतका, एका तपासणीची फी इतकी, म्हणजे दिवसाला इतके पेशंट झाले की हप्ता सुटला. तालुक्याच्या गावात मूतखडा, पित्ताशय आणि नियमित गरोदरपणाच्या तपासण्या धरूनही तो आकडा भरत नसे. बाकीचे पेशंट कशासाठी येणार, हे त्या खोलीत बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असायचे, मलाही. तोंडाने कोणी बोलत नसे. एका गावात बसस्टँडपासून बाजारपेठेपर्यंतच्या एकाच रस्त्यावर मी पाच मशीन बसवली. डेमोच्या वेळी एका डॉक्टरांनी विचारले, "चौथ्या-पाचव्या महिन्यात सगळं नीट दिसतं ना?" 'सगळं' म्हणजे काय, हे मी विचारले नाही. गेन वाढवला, फोकस खाली आणला आणि म्हणालो, "दिसतं, सर."

आणखी एक गोष्ट सांगायची आहे. माझ्या ताईला दोन मुली होत्या. तिसऱ्या वेळी दाजींचा फोन आला, "तुझ्या ओळखीचं कोणी आहे का?" मी एक नाव दिले. दोन दिवसांनी समजले की तिथून बाहेर पडताना हातावर बर्फी ठेवली होती. पेढा म्हणजे मुलगा, बर्फी म्हणजे मुलगी, हा तेव्हाचा सरसकट इशारा. ताईने त्याबद्दल मला कधी विचारले नाही, मीही कधी विषय काढला नाही. या पत्राखाली नाव छापू नका अशी विनंती आहे, ती तिच्यासाठी.

मुलगी नको, हे यंत्राने कोणाला शिकवले नाही. हुंडा, जमिनीच्या वाटण्या, म्हातारपणी कोण बघणार हा घोर, हे सगळे यंत्राच्या कितीतरी आधीपासून आपल्या घरात होते. दाजींचा दोष दाजींचा, त्या डॉक्टरांचा त्यांचा आणि माझा माझा. पण मुलगी नको असलेले घर आणि ती नेमकी वेळेत ओळखून देणारे मशीन, यांची गाठ आपोआप पडली नाही. ती हिशेब करून घालून दिली गेली. महाराष्ट्रात 0 ते 6 वयोगटात दर हजार मुलांमागे 1991 साली 946 मुली होत्या. 2001 मध्ये 913 झाल्या, 2011 मध्ये 894. बीड जिल्ह्यात तर 2001 ते 2011 या दहा वर्षांत हा आकडा 894 वरून 807 वर आला. त्या दहा वर्षांत बीडमध्ये मशीन उतरवणाऱ्या जीपमध्ये मी बसलेलो होतो. 2012 साली परळीत गर्भपाताच्या वेळी एका बाईचा जीव गेला आणि सगळा देश बीडकडे बघू लागला. तोवर मी नोकरी सोडली होती.

कायदा नव्हता असे नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा देशातला पहिला कायदा 1988 साली आपल्याच राज्याने केला. केंद्राचा 1994 साली झाला आणि 1996 च्या 1 जानेवारीपासून लागू झाला. दोन्ही बरीच वर्षे कागदावर राहिले. 2000 साली 'सेहत' आणि 'मासूम' या संस्था आणि गर्भलिंगनिदानाविरुद्ध लढणारे कार्यकर्ते डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने एक साधी गोष्ट केली, जी तोपर्यंत कोणालाच सुचली नव्हती: मशीन विकणाऱ्यांना विचारले, कोणाकोणाला विकलीत? नऊ कंपन्यांना मागच्या पाच वर्षांच्या ग्राहकांची यादी द्यावी लागली. सुमारे 11,200 मशीनचा तपशील गोळा झाला. आमच्या ऑफिसातही त्या दिवसांत जुने इन्स्टॉलेशन रिपोर्ट शोधायची धावपळ उडाली. धूळ झटकत मी फायली काढत होतो आणि पहिल्यांदाच जाणवले की आपण बसवलेले प्रत्येक मशीन कुठे आहे, हे आपल्याला पहिल्यापासून ठाऊक होते. फक्त कोणी विचारले नव्हते.

2003 च्या दुरुस्तीने नोंदणी नसलेल्या केंद्राला मशीन विकणे गुन्हा ठरवले. दर तीन महिन्यांनी विक्रीची यादी सरकारला द्यायची, खरेदीदाराकडून प्रतिज्ञापत्र घ्यायचे, असेही नियमात आले. ती प्रतिज्ञापत्रे मी स्वतः गोळा केली आहेत. मजकूर आधीच टाइप केलेला असायचा, डॉक्टर न वाचता सही करायचे, मी फायलीला लावायचो. एकदा दुरुस्तीला गेलो तर भिंतीवर नोंदणीचे प्रमाणपत्रच नव्हते. परत येऊन साहेबांना सांगितले. ते म्हणाले, "आपण मशीन दुरुस्त करतो, दवाखाना नाही." मी पुढची कॉल स्लिप उचलली.

यंत्र बनवणाऱ्याला काही करता येत नाही, असे म्हणणाऱ्यांनी कोल्हापूर आठवावे. तिथे लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना सोनोग्राफी मशीनला 'सायलेंट ऑब्झर्व्हर' नावाचे छोटे उपकरण जोडले गेले. प्रत्येक तपासणीचे चित्रण त्यात साठायचे आणि एफ फॉर्मशी, म्हणजे गरोदर बाईच्या प्रत्येक तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी भरायच्या कागदाशी, ताडून पाहता यायचे. रेडिओलॉजिस्टांची संघटना विरोधात उच्च न्यायालयात गेली. 2011 साली न्यायालयाने उपकरणाच्या बाजूने निकाल दिला. इंजिनिअर म्हणून मला तेव्हा लाज वाटली होती. मी शेवटी शेवटी हाताळलेल्या मशीनमध्ये प्रत्येक तपासणीची तारीख-वेळ आपोआप नोंदली जायची. बिघाड शोधताना आम्ही त्या नोंदी वाचायचो. म्हणजे अशी सोय कारखान्यातच करता आली असती. ती बाहेरून, एका जिल्हाधिकाऱ्याला, वेगळा डबा जोडून करावी लागली. ग्राहक डॉक्टर होता, आणि त्याला असे मशीन नको होते.

पुढे हाच खेळ इंटरनेटवर झाला. साबू जॉर्ज 2008 साली पुन्हा न्यायालयात गेले, या वेळी गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांच्याविरुद्ध. लिंगनिदानाच्या जाहिराती सर्च इंजिनवर दिसत होत्या. काही शब्द टाकले की जाहिरात येणार नाही, एवढी व्यवस्था त्या कंपन्यांकडून करून घेता घेता 2016 उजाडले आणि खटला 2017 च्या डिसेंबरात निकाली निघाला. एका शब्दावरून माणसाला काय हवे ते ओळखणाऱ्या कंपन्यांना हे आठ वर्षे जमत नव्हते, यावर माझा विश्वास नाही.

आता तर प्रोब खिशात मावतो. मोबाइलला जोडला की पडद्यावर चित्र. एका जागेवरून दुसरीकडे नेता येणाऱ्या मशीनसाठी 2012 साली नियम कडक झाले हे खरे, पण मला काळजी आहे ती तालुक्याच्या गावी सेकंड हँड फिरणाऱ्या मालाची. त्यात 2024 च्या ऑक्टोबरात इंडियन मेडिकल असोसिएशनच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी गोव्यातल्या कार्यक्रमात सुचवले की लिंगनिदानाला परवानगीच द्यावी आणि मुलीचा गर्भ असलेल्या बाईवर बाळंतपणापर्यंत लक्ष ठेवावे. मला हे भयंकर वाटते. मशीनवर लक्ष ठेवायला जमत नाही म्हणून बाईवर ठेवायचे! माझ्या ताईच्या घरी असा पहारा बसला असता तर तिचे काय झाले असते, हे मला सांगता येईल.

माझे मागणे थोडे आहे. कंपन्यांच्या तिमाही याद्या जिल्ह्याजिल्ह्यात लोकांना पाहायला मिळाव्यात, त्यात जुन्या मशीनची फेरविक्रीही यावी. एखादे केंद्र सील झाले की ते मशीन कोणी विकले आणि शेवटची सर्व्हिस कोणी केली, याचीही चौकशी व्हावी. सर्व्हिस इंजिनिअरवर कळवण्याचे बंधन घालावे. दवाखान्याच्या आतल्या खोलीत पेशंट नसताना जाणारा बाहेरचा माणूस तोच असतो. त्याला सगळे दिसते. मला दिसत होते.

माझ्या कपाटात 1993 पासूनच्या डायऱ्या आहेत. गाव, तारीख, मशीनचा सिरियल नंबर, कोणत्या खोलीत बसवले, सगळे माझ्या अक्षरात. या महिन्यात त्या घेऊन जिल्हा समुचित प्राधिकाऱ्यांकडे, म्हणजे हा कायदा राबवणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, जाणार आहे. त्यातली किती मशीन आज नोंदीत आहेत ते त्यांनी ताडून पाहावे.

आपला,
एक निवृत्त सर्व्हिस इंजिनिअर
छत्रपती संभाजीनगर