अण्णांना कॉल येतो

मुलुंड, मुंबई

प्रिय दिल्या,

आठ महिने तुला फोन केला नाही. रागावला असशील तर रागाव, पण पत्र पुरतं वाच. हे फोनवर बोलायला गेलो तर रडू येईल. तब्येती बऱ्या, माझी शुगर गोळ्यांवर.

परवा अण्णांना घेऊन इगतपुरीला जाऊन आलो. कल्याणहून गाडी धरली. कसाऱ्याला गाडी घाटात ढकलायला मागून बँकर लागला, तो ओळखीचा बारीक धक्का बसला आणि अण्णा म्हणाले, "लागला." मग समोरच्या पोराला सांगत बसले, की ३७ फुटांमागे १ फूट चढ आहे, १८६५ पासून गाड्या हा घाट चढतात, एकट्या इंजिनाचं हे काम नव्हे. सगळं चोख. आणि उतरताना मला विचारलं, "तुझी आई पुढच्या डब्यात आहे का?"

स्टेशनावर वडा खाल्ला. तो चौथा वडा तूच खाल्ला होतास, मी आजही हेच म्हणेन. पण डीसी विजेचं इंजिन काढून एसी विजेचं लावेपर्यंत गाडी थांबायची, तेव्हाची ती वडेवाल्यांची धावपळ आता नाही. आपली क्वार्टरांची लाइन ओस पडलीय. तुमच्या क्वार्टरला कुलूप, ओट्यावर शेवाळ. अण्णा तिथेच टेकले. "आप्पा ड्यूटीवर गेला वाटतं," म्हणाले. मी "हो" म्हटलं.

दिल्या, गेले दोन महिने अण्णांना रात्री कॉल येतो. अडीचच्या सुमाराला उठतात, बूट घालतात, रिकामा डबा मांडीवर घेऊन दाराशी बसतात. ड्यूटीला बोलवायला कॉलबॉय बाहेर उभा आहे म्हणतात. पहिल्या रात्री मी ओरडलो. आता उठून "अण्णा, गाडी लेट आहे, झोपा" सांगतो. एकदा ऐकेचनात, सहीला बुक मागायला लागले. चिनूची गणिताची वही पुढे केली. चष्मा लावून त्यांनी सही केली आणि खाली वेळ टाकली, २.४०. वाटलं होतं, इगतपुरी दाखवली की मन निवेल. परतताना लहान मुलासारखे झोपले, पण त्याच रात्री पुन्हा बूट. डॉक्टरांच्या गोळ्यांनी दिवसासुद्धा गुंगी येते, म्हणून सुमन त्या द्यायला कचरते.

आप्पांचंही असंच व्हायचं ना? तू रात्री साडेअकराला फोन केला होतास, आप्पा अंगणात कंदील शोधतायत म्हणून. मी म्हटलं होतं, वय झालं, चालायचंच. आणि मॅच बघत बसलो. तू काही बोलला नाहीस, त्यानंतर आप्पांबद्दल कधी सांगितलंही नाहीस. ते आता रोज अडीच वाजता आठवतं. माझं चुकलं रे. फार चुकलं.

आता सांग, तू काय करायचास? खोटं बोलायचास का? ज्या माणसाने उभ्या नोकरीत एक कॉल चुकवला नाही, त्याला रोज "आज रेस्ट आहे" सांगताना माझी जीभ जड होते. की तू त्यांच्याबरोबर बाहेर जाऊन उभा राहायचास?

मेधाचं लग्न ठरलं ते कळलं, आनंद झाला, तारीख कळव. तुझा गुडघा कसा आहे? वहिनींना नमस्कार.

उत्तर लवकर दे. रात्री फोन केलास तरी चालेल, अडीचला मी जागाच असतो.

तुझाच,
बंड्या