गणपतीत घरी न येण्याचे खरे कारण

पुणे, १४ ऑक्टोबर

ती. आई आणि ती. बाबा यांस,

शिरसाष्टांग नमस्कार.

गणपतीत मी घरी आले नाही आणि ऑफिसच्या कामाचे कारण सांगितले, ते खरे नव्हते. जुलैच्या शेवटच्या रविवारी सिंहगडावरून आतकरवाडीच्या वाटेने उतरताना, पावसाने शेवाळलेल्या दगडावर माझा उजवा पाय आत वळला आणि घोट्याच्या बाहेरच्या अंगाचे लिगामेंट अर्धवट फाटले. बाबांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन त्याच आठवड्यात होते आणि आई एकटी सगळे पाहत होती, म्हणून तेव्हा कळवले नाही. पुढे मात्र सांगायचे राहून गेले असे म्हणणार नाही, कारण रोज फोनवर बोलताना मी ते रोज टाळले. त्याबद्दल मला क्षमा करा. आता मी आधाराशिवाय चालते आहे. तरीही सविस्तर लिहिते आहे, कारण यातला बराचसा भाग, आई, तुझ्या पायाचाही आहे.

पाय वळला त्या क्षणी आतून काहीतरी तुटल्याचा आवाज आला आणि दहा मिनिटांत घोट्याच्या बाहेर लिंबाएवढी सूज उभी राहिली. दोन मैत्रिणींच्या खांद्यांवर हात टाकून खाली आले. डॉक्टरांनी आधी चार पावले चालून दाखवायला सांगितले, ती मला टाकता आली नाहीत; मग घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांची मागची कड बोटाने दाबत तपासली आणि एक्स-रे काढायला पाठवले. हाड शाबूत होते. पण एक्स-रेमध्ये लिगामेंट दिसत नाही, आणि सूज व वेदना असताना ते किती फाटले आहे हे हाताने तपासूनही नीट कळत नाही, म्हणून त्यांनी पाचव्या दिवशी पुन्हा बोलावले. तोपर्यंत रक्ताचा डाग घोट्यावरून खाली उतरत टाचेच्या कडेला आणि पायाच्या बोटांपर्यंत पोचला होता, जांभळा, आणि कडांना पिकल्या पानासारखा पिवळा. तो पाहून मी घाबरले होते. आत साकळलेले रक्त खाली ओढले जाते एवढाच त्याचा अर्थ, हे त्यांनी समजावल्यावर जिवात जीव आला.

बाबा, तुम्ही पहिला प्रश्न विचाराल की प्लास्टर का घातले नाही. मीही तोच विचारला होता. लिगामेंट म्हणजे हाडाला हाडाशी बांधून ठेवणारी चिवट पट्टी. तिला स्नायूंसारखा भरपूर रक्तपुरवठा नसतो, म्हणून ती सावकाश भरते. भरताना नवे तंतू आधी कसेही, गोंधळलेल्या सुतासारखे पडतात, आणि त्यांच्यावर थोडा थोडा ताण येत गेला तरच ते ओढीच्या दिशेने सरळ लागतात. अर्धवट फाटलेल्या लिगामेंटला महिनाभर प्लास्टरमध्ये ठेवले, तर सांधा आखडतो आणि पोटरी वाळते. म्हणून मला घोट्याला दोन्ही बाजूंनी धरणारा पट्टा दिला, पहिले आठ-दहा दिवस कुबड्या दिल्या, आणि दुखेल पण सहन होईल इतपतच भार टाकायला सांगितले. पूर्ण फाटले असते तर कदाचित काही दिवस पाय बांधून ठेवावा लागला असता.

आई, तू आंबेहळदीचा लेप आणि गरम तेलाने चोळणे सुचवले असतेस, हे मला ठाऊक आहे. पहिल्या दोन-तीन दिवसांत शेक आणि चोळणे दोन्ही टाळायला सांगितले होते, कारण त्याने आतला रक्तस्राव आणि सूज वाढते. पाय उशीवर उंच ठेवणे, क्रेप बँडेजचा दाब आणि दुखण्यापुरता थोडा वेळ बर्फ, एवढेच तेव्हा केले.

दुसऱ्या आठवड्यापासून फिजिओथेरपी सुरू झाली. पहिला व्यायाम होता पायाच्या अंगठ्याने हवेत अक्षरे काढण्याचा. बाबा, तुम्ही मला पाटीवर बोट धरून गिरवायला लावायचात, त्याच क्रमाने मी अ पासून ज्ञ पर्यंत काढत असे. ‘ळ’ला घोटा दोन्हीकडे वळवावा लागतो, त्यामुळे त्या अक्षरावर पाय महिनाभर अडत होता. मग रबरी पट्टीला पाय अडकवून बाहेर ओढणे आले, मग टाचा उचलणे. पण खरे कठीण काम होते एका पायावर उभे राहण्याचे. लिगामेंटमध्ये सांध्याची स्थिती मेंदूला कळवणाऱ्या नसांची टोके असतात आणि तीही दुखापतीत बिघडतात. त्यामुळे पाय वाकडा पडत असतानाही तो सावरायला मेंदूला उशीर होतो. मी रोज सकाळी दात घासताना ओट्याजवळ उजव्या पायावर उभी राहते. पहिल्या दिवशी चार सेकंदांत पाय टेकला. खाली पाहिले, तर पावलावरच्या स्नायूंच्या दोऱ्या कातडीखाली तारांसारख्या ताणत-सुटत होत्या आणि अंगठा फरशी पकडू पाहत होता. आता तीस सेकंद राहते, पण डोळे मिटले की अजून दहापर्यंतसुद्धा पोचत नाही.

आणि तिथेच, आई, मला तू आठवलीस. मावशीच्या लग्नात वाड्याच्या पायरीवरून तुझा पाय मुरगळला होता. तू त्याच पायावर पंगती वाढल्यास, दुसऱ्या दिवशी एकाने झटका देऊन तो ‘बसवला’, आणि तिसऱ्या दिवशी तू पुन्हा पाणी भरायला लागलीस. त्यानंतर तो पाय किती वेळा मुरगळला, हे तूही मोजले नसशील. आजही तू जिना उतरताना भिंतीला हात लावतेस आणि दर पायरीवर दोन्ही पाऊले टेकवून मगच पुढचे टाकतेस. आम्ही सगळे म्हणत आलो की आईचा पाय नाजूकच आहे. तो नाजूक नव्हता, त्याला कोणी बरे होऊ दिले नाही; घरात विश्रांती घेण्याची मुभा तुला कोणी दिलीच नाही, आणि मोठी झाल्यावर मीही त्याबद्दल तुला कधी विचारले नाही. याचे मला फार वाईट वाटते.

मी फिजिओथेरपिस्टना विचारले. इतक्या वर्षांनंतरही तोल आणि ताकद सुधारता येते आणि पुन्हा पाय मुरगळण्याची शक्यता कमी करता येते, असे त्या म्हणाल्या. मात्र तुझे वय पाहता आधी तिथल्या डॉक्टरांना पाय दाखवावा आणि उभे राहण्याचा व्यायाम ओट्याला दोन्ही हातांनी धरूनच करावा. बाबा, तुम्ही तेव्हा तिच्या बाजूला उभे राहा, आणि येत्या आठवड्यातच तिला घेऊन जा, ती टाळील तरीही.

माझे आता एकच राहिले आहे. उकिडवे बसताना उजवी टाच अजून जमिनीला पूर्ण टेकत नाही. दिवाळीला साडेतीन आठवडे आहेत, तोवर कदाचित टेकेल. आई, रांगोळी यंदाही अंगणात मीच काढीन, ती आणून चाळून ठेव. बाबा, माळ्यावरचा बुटका लाकडी पाट काढून ठेवा, टाच टेकली नाही तर त्यावर बसून काढीन.

तुमची लेक