आम्ही दरवर्षी अहवाल देतो, राज्य ग्रंथालयाचाही अहवाल आम्हाला मिळावा

प्रति,
मा. मंत्री, उच्च व तंत्रशिक्षण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सप्रेम नमस्कार.

लालबाग-परळ भागातल्या एका शासनमान्य 'क' वर्ग ग्रंथालयाचा मी कार्यवाह आहे. मार्च सरला की आमच्याकडे वार्षिक अहवालाची लगबग सुरू होते. वर्षभरात पुस्तके किती घेतली, जीर्ण म्हणून किती बाद केली, सभासद किती, देवघेव किती, नियतकालिके कोणती, कार्यक्रम कोणते, आणि या सगळ्यासोबत सनदी लेखापालाने तपासलेला जमाखर्च. आमच्या ग्रंथपालबाई दाखल नोंदवही मांडीवर घेऊन कपाटापाशी बसतात आणि एकेक क्रमांक पुकारत जातात. सार्वजनिक पैसा घेतो म्हटल्यावर हिशेब दिलाच पाहिजे, त्याबद्दल आमची काही तक्रार नाही.

मागणे एवढेच आहे की, असाच एक अहवाल वरून खालीही यावा. राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाने या वर्षी स्थानिक ग्रंथालयांसाठी काय केले, कोणाला कोणती सेवा दिली, किती ग्रंथपालांना शिकवले, किती पुस्तके एका ग्रंथालयातून दुसऱ्यात पोहोचवली, हे दर एप्रिलमध्ये आमच्या हाती पडावे. आणि त्यात लिहिण्याजोगे काही असावे म्हणून त्या सेवा आधी ठरवल्या जाव्यात.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ सालचा. त्याच्याही आधी, १९३९ मध्ये, मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचे सरकार असताना, आसफ फैझी यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालय विकास समिती नेमली गेली होती. मध्यवर्ती ग्रंथालयापासून थेट गावच्या वाचनालयापर्यंत एकाखाली एक जोडलेली रचना या समितीने सुचवली होती. आपल्या राज्याने पुढे जो मार्ग धरला तो तमिळनाडू-कर्नाटकापेक्षा वेगळा आहे. तिथे मालमत्ता करासोबत ग्रंथालय कर घेतात आणि ग्रंथालये मुख्यतः सरकारी यंत्रणा चालवते. आपल्याकडे असा कर नाही. ग्रंथालये लोकांनी उभी केली, संस्था ती चालवतात आणि सरकार अनुदान देते. हा मार्ग मला मनापासून आवडतो. मुंबईतली कितीतरी वाचनालये चाळीच्या खोलीतून, व्यायामशाळेच्या माळ्यावरून, मंडळाच्या कचेरीतून उभी राहिली. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, घरे उपनगरांकडे सरकली, तरी त्यांतली काही अजून रोज संध्याकाळी उघडतात. मात्र सरकारशी असलेले आमचे नाते अनुदानाच्या दोन हप्त्यांपुरतेच उरले आहे. पैसे येतात, आम्ही हिशेब देतो, तपासणी होते आणि वर्ष संपते.

आमच्या टेबलावर एक मागणीवही असते. हवे ते पुस्तक मिळाले नाही, तर वाचक त्याचे नाव तीत लिहून ठेवतो. गिरणीतून निवृत्त झालेल्या एका आजोबांना मुंबई-कोकण बोटवाहतुकीचा इतिहास वाचायचा आहे. केईएममध्ये नोकरी करणाऱ्या एका परिचारिकेला कन्नडमधून मराठीत आलेल्या कादंबऱ्या हव्या आहेत, हातात येईल तेवढ्या. बारावीतल्या एका मुलीने ताऱ्यांवरचे मराठी पुस्तक मागितले आहे, तेही "लहान मुलांचे नको" अशी ठळक सूचना देऊन. त्या वहीत शेवटच्या रकान्यात 'उपलब्ध नाही' हा शेरा फार वेळा येतो, आणि यातली बरीच पुस्तके मुंबईतच कुठल्या ना कुठल्या कपाटात असणार, याची मला खात्री आहे. दादरला असतील, गिरगावात असतील, पार्ल्यात किंवा पलीकडे ठाण्यात असतील. नेमकी कुठे, हे कळायला ओळखीच्या ग्रंथपालांना फोन करत बसण्यापलीकडे मार्ग नाही.

म्हणून पहिली मागणी संयुक्त सूचीची. मुंबई शहर आणि उपनगर जिल्ह्यांतल्या शासनमान्य ग्रंथालयांत कोणते पुस्तक कुठे आहे, हे एका जागी दिसले पाहिजे. एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेची 'ई-ग्रंथालय' प्रणाली आहे, कोहा ही ग्रंथालयांसाठीची मोफत संगणक प्रणाली आहे, त्यामुळे साधनांची वानवा नाही. अडते ते नोंदी भरण्यापाशी. दहा-पंधरा हजार पुस्तकांच्या नोंदी एकट्या ग्रंथपालबाई वाचकांना पुस्तके देता-देता कधी भरणार? राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाने ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांची पथके करून महिना-दोन महिने एकेका ग्रंथालयात पाठवली, तर हे काम मार्गी लागेल आणि त्या मुलांनाही खऱ्या कपाटापाशी शिकायला मिळेल.

सूचीनंतर देवघेव. इथे एक बारीक अडचण आहे, ती मंत्रालयातून दिसणार नाही म्हणून मुद्दाम लिहितो. दुसऱ्या ग्रंथालयाला पुस्तक द्यायला कार्यवाहांचे मन तयार असते, पण हात आखडतो. नोंदवहीतले पुस्तक तपासणीच्या दिवशी कपाटात नसेल तर ती तूट दिसेल, ही धास्ती असते. हरवले तर भरपाई कोणी करायची, हेही कोणी ठरवलेले नाही. आपल्या विभागाने आंतरग्रंथालयीन देवघेवीची एक नियमावली काढावी, नोंदवहीला तसा रकाना द्यावा आणि हरवलेल्या पुस्तकाची हमी राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाने घ्यावी. त्यानंतर आठवड्यातून एक टेम्पो मुंबईभर फिरला तरी पुरे. मागणीवहीतल्या निम्म्या शेऱ्यांवर काट मारता येईल, असे मला वाटते.

दुसरी मागणी तर आणखी कमी खर्चाची आहे. ग्रंथप्रदान कायदा १९५४ सालचा. त्यानुसार देशातल्या प्रत्येक प्रकाशकाने नवे पुस्तक निघाल्यापासून ३० दिवसांत स्वखर्चाने त्याची एकेक प्रत चार ग्रंथालयांना पाठवायची असते. कोलकाता, चेन्नई आणि दिल्ली इथली तीन, आणि चौथे आपले राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, फोर्टातल्या टाऊन हॉलमधले. म्हणजे कायद्याप्रमाणे प्रत्येक नवे मराठी पुस्तक हॉर्निमन सर्कलसमोरच्या त्या पायऱ्या चढून आत जायला हवे. त्या प्रती जपून ठेवण्यासाठी असतात, त्या कोणी उसन्या मागू नयेत, हे मी जाणतो. पण त्यांची यादी? दर महिन्याला दाखल झालेल्या मराठी पुस्तकांची साधी यादी, विषयवार, प्रकाशकाचा पत्ता आणि किमतीसह, राज्यातल्या प्रत्येक ग्रंथालयाला पाठवता येईल.

ही यादी मिळाली तर काय बदलेल, तेही सांगतो. लहान ग्रंथालयाची पुस्तकखरेदी आज बहुतेक विक्रेत्याने आणलेल्या यादीवर आणि कमिशनच्या टक्क्यावर चालते. रत्नागिरीच्या किंवा नांदेडच्या लहान प्रकाशकाने काढलेले चांगले पुस्तक लालबागला कळतच नाही. शासनमान्य ग्रंथांची यादी निघते, ती उपयोगी आहे, पण त्या यादीत निवड झालेली असते. मला सगळे बघून आमच्या वाचकांसाठी निवडायचे असते. इंग्रजांच्या काळी १८६७ च्या कायद्यानुसार मुंबई इलाख्यात छापलेल्या पुस्तकांच्या त्रैमासिक याद्या प्रसिद्ध होत. शंकर गणेश दाते यांनी तर १८०० ते १९५० या दीडशे वर्षांतल्या मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली, तीही संगणक नसताना. एका माणसाच्या चिकाटीने जे झाले, ते शासनाच्या ग्रंथालयाला दरमहा करता यावे.

थोडे दिवाळी अंकांविषयी, कारण आमचे निम्मे वर्ष त्यांच्यावर उभे असते. लहान ग्रंथालयांची दिवाळी अंक योजना आपल्याला ठाऊक असेल. थोडी वर्गणी भरली की सभासदाला आळीपाळीने सगळे अंक घरी न्यायला मिळतात. अंक आले की त्यांना खाकी कव्हरे चढतात, पाठीवर दोरा घातला जातो, शिक्का बसतो, आणि पहिल्या रविवारी दारात रांग लागते. एरवी वर्षभर न फिरकणारी माणसे या दिवसांत येतात. होळीपर्यंत अंक फिरून-फिरून मऊ पडतात. पुढे ते ठेवायचे कुठे? जागेअभावी जुने अंक रद्दीत जातात, आणि त्यांच्यासोबत पुस्तकरूपाने कधीच न आलेल्या कथा, मुलाखती, व्यंगचित्रे जातात. राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाने दरवर्षी उन्हाळ्यात गाडी पाठवून असे अंक गोळा करावेत, संच पुरे करावेत आणि त्यांच्या प्रतिमा करून ठेवाव्यात. राज्य मराठी विकास संस्थेने दुर्मिळ ग्रंथ संकेतस्थळावर आणले आहेत, तेव्हा अनुभव राज्याच्याच घरात आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आमच्या वाचनालयात पेढे वाटले गेले. त्या आनंदातला थोडा वाटा या जुन्या अंकांनाही मिळावा.

सल्ल्याचीही गरज आहे. मुंबईत इमारत पुनर्विकासाला निघाली की तळमजल्यावरच्या खोलीतले वाचनालय करारात कुठे बसते, हे समितीतल्या कोणालाच नीट कळत नाही. भाडेकरू म्हणून हक्क काय, नव्या इमारतीत किती जागा मागायची, मधल्या काळात पुस्तके कुठे ठेवायची? निवृत्त शिक्षक आणि बँकेतली माणसे यांनी मिळून चालवलेल्या संस्थेने वकील कुठून आणायचा? राज्य ग्रंथालयात अशा प्रश्नांसाठी एक जाणकार माणूस बसवा. पावसाळ्यात कसर आणि वाळवी लागलेले जुने पुस्तक वाचवायचे कसे, हे दाखवणारा दुसरा एक बसवा. डांबरगोळ्यांच्या पलीकडचे आम्हाला फारसे ठाऊक नाही.

अनुदानाचा विषय मी मुद्दाम मागे ठेवला. २०२२ मध्ये ६० टक्के वाढ झाली, त्याबद्दल आभार. तरीही त्या वाढीने सर्वांत खालच्या 'ड' वर्गाचे वार्षिक अनुदान ३० हजारांवरून ४८ हजारांवर गेले, आणि नियमाप्रमाणे त्यातले निम्मे वेतनावर धरले तर ग्रंथपालाच्या वाट्याला महिना २ हजार रुपये आले. वर्ग तोच असेल तर गावाला आणि मुंबईला रक्कमही तीच, वीजबिल मात्र मुंबईचे. यावर ग्रंथालय संघांनी आपल्याला निवेदने दिलीच आहेत, म्हणून इथे लांबवत नाही. पण ज्यांना एवढे कमी वेतन देतो, त्यांना निदान दरवर्षी दोन दिवसांचे चांगले प्रशिक्षण तरी द्यावे, जाण्या-येण्याच्या खर्चासह.

अमेरिकेत प्रत्येक राज्याच्या ग्रंथालय यंत्रणेला संघराज्याचा निधी मिळतो तो पाच वर्षांची योजना लेखी दिल्यावर, आणि त्या पैशातून काय केले याचा अहवाल तिला दरवर्षी द्यावा लागतो. आपल्याकडे जिल्ह्याजिल्ह्यांत ग्रंथोत्सव होतो, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाने उत्कृष्ट ग्रंथालयांना आणि डॉ. रंगनाथन यांच्या नावाने कार्यकर्त्यांना व सेवकांना पुरस्कार मिळतात, राजा राममोहन रॉय प्रतिष्ठानकडून पुस्तके येतात. हे सगळे एका वार्षिक अहवालात एकत्र मांडले, त्याला वर सांगितलेल्या सेवांची जोड दिली, आणि पुस्तकांची निवड ठरण्याआधी ग्रंथालयांच्या मागणीवह्या मागवल्या, तर राज्याच्या ग्रंथालयाशी आमची खरी ओळख होईल.

सुरुवात मुंबई शहर आणि उपनगर या दोन जिल्ह्यांपासून करावी. राज्य मध्यवर्ती ग्रंथालय इथेच आहे, अंतरे कमी आहेत, आणि चुकले तर दुरुस्त करणे सोपे जाईल. येत्या १२ ऑगस्टला, ग्रंथपाल दिनी, दोन्ही जिल्ह्यांतल्या ग्रंथपालांची आणि कार्यवाहांची एक बैठक टाऊन हॉलमध्ये बोलवावी. प्रत्येकाला येताना मागणीवही आणायला सांगावे. आमची वही घेऊन आमच्या ग्रंथपालबाई येतील.

आपला,
एका 'क' वर्ग सार्वजनिक ग्रंथालयाचा कार्यवाह,
लालबाग, मुंबई